सव्वा टनाचं झाकण

जयसिंगपुरातल्या धनपाल टाकीवाल्यांना कशाची भीती वाटत नाही, हे शोधायला बसलं तर दिवस जाईल. पायाखाली मुंगी येईल म्हणून भीती. दिव्यावर चिलटं जळतील म्हणून भीती. पाणी गाळायच्या फडक्याला भोक पडलं असेल म्हणून भीती. अक्काताईंची भीती तर लग्नापासूनची, ती त्यांनी कधी भीतीत धरलीच नाही.

वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. पण स्टेनलेस स्टीलच्या टाक्या कराव्यात तर त्यांनीच. दुधाच्या, तुपाच्या, काकवीच्या. टाकी झाली की पाण्यानं भरून तीन दिवस ठेवायची, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, आणि कागदाला ओल लागली नाही तरच तिला दाराबाहेर सोडायचं. सोडताना पोटावर छोटी पाटी ठोकायची : ‘धनपाल टाकीवाले, जयसिंगपूर’. लेकीची पाठवणी करावी तसे डोळे पुसायचे आणि टेम्पोवाल्याला दहादा सांगायचे, ‘हळू जा.’

सहा वर्षांपूर्वी चातुर्मासात त्यांनी जैन मुनी महाराजांसमोर नियम घेतला. मद्य, मांस आणि मध, या तिन्हींच्या धंद्यासाठी टाकी करायची नाही. मद्य-मांसाचं कुणाला काही वाटलं नाही. पंचाईत मधानं केली. मलकापूरकडचा एक मधवाला, सज्जन माणूस, तीनदा आला आणि तीनदा चहा पिऊन परत गेला. “पावणं, दुसरं कायबी सांगा,” धनपाल हात जोडून म्हणायचे, “तेवढं एक न्हाय व्हायचं.”

ही गोष्ट धंद्यात पसरली. धनपाल टाकीवाल्याकडं जायचं तर टाकीत काय भरणार ते सांगायचं नाही, एवढं सगळ्यांना कळलं. तेव्हापासून त्यांच्याकडं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ताकवालं निघायला लागलं. त्यांच्यावर विश्वास ठेवला असता तर सगळा कोल्हापूर जिल्हा सकाळ-संध्याकाळ ताकावरच जगतो असं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरचा विजयसिंह नावाचा तिशीतला पोरगा असाच ताकाचा कागद घेऊन आला. खाली निमुळती होत गेलेली टाकी, भोवती गार पाण्याचं वेष्टण, खांद्यावर तिरकं झाकण आणि पोटाला काचेची खिडकी.

“ताकाला खिडकी कशाला ओ?” धनपालांनी विचारलं.

“गिऱ्हाइकाला ताक दिसलं पाहिजे काका. हल्ली सगळं दिसावं लागतं.”

आता यावर दुसरा प्रश्न विचारायला हवा होता. ताकाची टाकी खाली निमुळती कशाला? निमुळतं बूड लागतं ते आंबवणाचा गाळ काढायला. तो प्रश्न त्यांच्या जिभेवर आलाही होता. पण विचारला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ऐकलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. आणि टाकी तर कागदावरच इतकी देखणी दिसत होती! धनपालांनी प्रश्न गिळला. त्या वर्षी खिडकीच्या अशा तीन टाक्या त्यांनी तीन गिऱ्हाइकांना केल्या आणि तिन्ही वेळा हाच प्रश्न गिळला.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी केरबा वर्कशॉपवर आला. केरबा गडमुडशिंगीचा, साठीचा, तीस वर्षं त्यांच्याकडं वेल्डिंगला. सुट्टीच्या दिवशी आला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे धनपालांनी ओळखलं.

“आण्णा, आपली टाकी भेटली,” केरबा म्हणाला.

“कुठली?”

“ती वो, खिडकीची. ताकाची.” ‘ताकाची’ म्हणताना त्यानं मिशीवरनं बोट फिरवलं. “नागाळा पार्कात हाय. जावयानं नेलतं काल. ‘चुलवाण’ नाव हाय, मला वाटलं गूळ-बिळ आसंल. कसला गूळ! बिअर करत्यात तितंच, आन निखाऱ्यावर कोंबडी-बकरं भाजत्यात. मधोमध आपली टाकी. तिच्यावर आपली पाटी. आन पाटीच्या खाली नळ.”

धनपाल स्टुलावर बसले. “तू प्यालास?”

“आण्णांच्या हातचं म्हटल्यावर न्हाय कसं म्हणायचं?”

“केरबा!”

“एकच गिलास, आईशपथ. पर त्ये जाऊ द्या. टाकीला वर वारं जायला भोक ठिवलं हुतं न्हवं आपण? बुजिवलंय. तितं घड्याळ बसिवलंय परेशरचं, आन कुकरागत एक शिट्टी. आत वारं कोंडलं की फेस चांगला येतोय म्हनं. शिट्टी सारखी फुसफुसायची, बसलेल्यांच्या अंगावर फेस उडायचा. तर त्या पोरानं काल माझ्यासमोर पाना आनला आन शिट्टीच आवळून टाकली. गप झाली बिचारी.”

केरबा हे गंमत म्हणून सांगत होता. धनपाल मात्र हसले नाहीत. ती टाकी वारं कोंडायची नव्हतीच. दोन मिलीचा पत्रा, झाकणाला चार क्लॅम्प. ताकाला चार पुरतात. त्यांनी खडू उचलला आणि फरशीवर मांडलं. झाकण चाळीस सेंटिमीटरचं, परातीएवढं. घड्याळाचा काटा एक किलोवर गेला की झाकणावर आतून जोर सव्वा टन. सव्वा टन म्हणजे भरलेली मोटारगाडी. चार क्लॅम्पवर.

“झाकणासमोर काय हाय रं?”

“टेबलं. मानसं बसत्यात की जेवायला.”

धनपालांनी विजयसिंहाला फोन लावला. “काका, ताकच आहे त्यात,” पलीकडनं हसत उत्तर आलं.

“ताकाला शिट्टी कशाला लागती?” दोन वर्षांनी का होईना, दुसरा प्रश्न बाहेर पडला. पलीकडून फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलेना.

आता दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या. जावं, तर बारमध्ये पाय ठेवायचा. कुणी बघितलं तर मंदिरात तोंड दाखवायची सोय नाही. न जावं, तर आपल्या हातची टाकी कुणाचातरी जीव घेणार, आणि मुंगीसाठी वाट वाकडी करणाऱ्या माणसाच्या नावाची पाटी त्या टाकीवर असणार. सगळ्यात आधी त्यांना वाईटातली वाईट युक्ती सुचली. गुपचूप जायचं, पाटी काढून घ्यायची, विजयसिंहाच्या कानात सांगायचं आणि पळून यायचं. “छिन्नी घे,” ते केरबाला म्हणाले.

घरात अक्काताईंना सांगितलं, “कोल्हापूरला जाऊन येतो. गॅस्केट आणायचंय.”

“रविवारी?” अक्काताईंनी नुसतं बघितलं. “दुकान उघडं असतंय व्हय?”

“एका ओळखीच्याकडं.”

अक्काताई आत गेल्या. डबा भरून हातात दिला. “दिवस सव्वासहाला मावळतोय. त्याच्या आत खावा.” धनपालांचा अंथऊचा नियम आईच्या मांडीवर असल्यापासूनचा, दिवस मावळल्यावर घास नाही.

केरबाच्या मोटरसायकलवर मागं बसून, हेल्मेटची काच खाली ओढून धनपाल निघाले. हातकणंगल्यापर्यंत त्यांना प्रत्येक गाडीत ओळखीचं माणूस दिसलं. हेर्ल्याजवळ एक बाई हात करून हसली, तर यांनी मान फिरवून केरबाच्या पाठीत हेल्मेट आपटलं.

“आण्णा, ती एष्टीला हात करत हुती.”

साडेपाचला ते ‘चुलवाण’समोर उतरले. दारात रखवालदार. डोक्याला हेल्मेट, हातात डबा असला माणूस बघून त्यानं मागच्या बाजूला बोट केलं, “डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या दारानं जायचं.”

धनपालांना तर बरंच वाटलं. पण मागचं दार म्हणजे मुदपाकखाना. आत पाऊल टाकलं आणि काचेतनंसुद्धा निखाऱ्याची धग तोंडाला लागली. धूर, चरबीचा चर्र आवाज, सुऱ्यांची खटखट. त्यांनी डोळे मिटले आणि केरबाच्या सदऱ्याचं टोक धरलं.

“उजवीकडं बगू नगासा,” केरबा म्हणाला.

“काय हाय?”

“बगू नगा म्हटलं की.”

“डावीकडं?”

“डावीकडं तर अजाबात बगू नगा.”

“मग बघू कुठं?”

“माझ्या पाठीकडं बगा. आन खाली पाय उचलून टाका, कायतर सांडलंय.”

काय सांडलंय, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. मनात णमोकार मंत्र चालू होता, पण भीतीनं त्याच्या ओळी मागंपुढं व्हायला लागल्या होत्या.

पडदा बाजूला झाला. मोठा हॉल, मोठमोठ्यानं गाणी, रविवारची गर्दी, टेबलाटेबलावर गुळाच्या रंगाचे ग्लास. आणि मधोमध दिव्यांच्या उजेडात त्यांची टाकी. दोन वर्षांत शिवणीवर एक डाग नाही. क्षणभर, खोटं कशाला बोला, धनपालांना अभिमान वाटला. मग त्यांनी घड्याळ बघितलं. काटा एकाच्या पुढं होता.

ते जवळ गेले. झाकणाच्या कडेतनं रबरी गॅस्केट जिभेसारखं बाहेर आलं होतं. सपाट बसवलेलं झाकण पुरीसारखं फुगलं होतं. आणि गाण्याच्या खालून एक बारीक सुरसुर ऐकू येत होती, उभ्या हॉलमध्ये फक्त त्यांना.

झाकणासमोरच्या टेबलावर चार पोरं बसली होती. त्यातल्या एकाचा चेहरा दिसला आणि धनपालांचा श्वास काचेवर धुकं होऊन बसला. पारस! त्यांच्याच गल्लीतला, मंदिराच्या विश्वस्तांचा मुलगा. दशलक्षण पर्वात दहा उपवास केले म्हणून गेल्याच भाद्रपदात ज्याची बग्गीतनं मिरवणूक निघाली, धनपालांनी स्वतः ज्याला हार घातला, तो पारस. हातात हाडूक, समोर ग्लास, आणि डोकं बरोबर झाकणाच्या नेमात.

पारसनं हेल्मेटकडं बघितलं, ओळखलं नाही, पुन्हा खायला लागला.

विजयसिंह गल्ल्यापाशी होता. केरबाला बघून त्याचा चेहरा पडला. हेल्मेटमधून “मी धनपाल” असं ऐकल्यावर तर उडालाच.

“काका, तुम्ही? इथं? अहो, चुकलं माझं, खोटं बोललो, पण तुम्ही दिली नसतीत टाकी…”

“ते मागनं. आधी माणसं उठव.”

“माणसं कशाला?”

“काटा वर का चाललाय?”

“गार करायचं मशीन सकाळपासून बंद आहे. उद्या येतोय माणूस दुरुस्तीला. आत जरा उबदार झालं की वारं वाढतं, एवढंच.” त्यानं आवाज खाली घेतला. “काका, रविवार आहे. गर्दी आहे. दहा-अकराला गर्दी कमी झाली की बघू. आत्ता उठवलं तर लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील. धनपालांनी दुपारपासून हेच वाक्य मनात शंभरदा म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते भलतंच नागडं वाटलं.

मागं टण्ण असा आवाज झाला. कुणाचं लक्ष गेलं नाही. एका क्लॅम्पची चावी अर्धा आटा सरकली होती. आता तीन.

पळता आलं असतं. काच खाली होती, दार मागं होतं, गाडी बाहेर होती. पाय तर दाराकडं वळलेही होते. पण पारसनं हसता हसता खुर्ची आणखी मागं रेलली आणि त्याचं डोकं टाकीपासून वीतभरावर आलं.

धनपाल एका खुर्चीवर चढले. “उठा!” ते ओरडले. हेल्मेटच्या आतच तो आवाज घुमला आणि विरला. दोन टेबलांवरचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “पावण्याला चढली बघ.”

मग त्यांनी हेल्मेट काढलं. दिव्यांचा सगळा उजेड तोंडावर आला. 

“मी धनपाल टाकीवाला! जयसिंगपूरचा! ही टाकी माझी हाय, तिच्यावर माझं नाव हाय! झाकणावर आतनं सव्वा टन जोर हाय, आणि ते उडणार हाय! पारस! ए पारस! ऊठ तिथनं! बापाला सांगत न्हाय, पर ऊठ!”

गाणी कुणीतरी बंद केली. पारसच्या हातातलं हाडूक खाली पडलं. दोन सेकंद तो नुसता बघत राहिला, मग त्या सुरसुरीचा आवाज त्यालाही ऐकू आला असावा. त्यानं शेजारच्या दोघांना कॉलर धरून ओढलं आणि चौघं पळाले. त्यांच्यामागं सगळा हॉल. दारात चेंगराचेंगरी, त्यातही पाच-सहा मोबाइल वर धरलेले.

केरबा पाना घेऊन झाकणाकडं निघाला.

“झाकणाला हात लावू नको!” धनपाल किंचाळले. “जमिनीवर झोप!”

ते स्वतः आधी पालथे झाले. फरशीवरून सरपटत, डोकं झाकणाच्या नेमाखाली ठेवून, टाकीच्या बुडाशी गेले. बुडाला टाकी रिकामी करायचा दोन इंची कॉक होता, त्यांनीच बसवलेला, अंधारातही हाताला सापडेल असा. सापडला. पण हात घामानं सुटत होता. धोतराचा सोगा गुंडाळून त्यांनी तो फिरवला.

बिअर सोंडेसारखी बाहेर आली. थेट तोंडावर.

धनपालांनी ओठ इतके घट्ट मिटले की दात दुखले. नाक दाबावं तर हात कॉकवर. जन्मभर जो थेंब लागला नाही तो आता नाकातनं घशात उतरणार, या भीतीपुढं सव्वा टनाची भीतीसुद्धा लहान वाटली. श्वास कोंडून, डोळे मिटून ते आकडे मोजत राहिले. त्यातच वाटलं, या फेसात खमिराचे किती कोटी जीव असतील, आणि सगळे माझ्या हातानं गटारात चाललेत. माणसं वाचवायची तर हे चुकणार नव्हतं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

“आण्णा, पाचशे लिटर हाय हो,” केरबा पलीकडनं कळवळून म्हणाला. “एक तांब्या तर…”

“मम्म्!” धनपालांनी मिटल्या ओठांनी शिवी द्यावी तसा आवाज केला.

काटा खाली आला. अर्ध्यावर. पावावर. शून्यावर. सुरसुर थांबली. मग त्यांनी तोंड फिरवून श्वास घेतला, तो हुंदक्यासारखा निघाला.

उठून त्यांनी झाकणाला बोट लावलं. एक क्लॅम्प, ज्यानं इतका वेळ सगळं धरलं होतं असं वाटत होतं, तो दोन तुकड्यांत त्यांच्या तळहातावर आला. ते बघून विजयसिंह भिंतीला टेकून खालीच बसला.

“काका, मला माहीत नव्हतं.”

“मला होतं,” धनपाल म्हणाले. “ताक न्हाय हे मला माहीत होतं. मी विचारलं न्हाय.”

केरबानं छिन्नी काढली. “पाटी काढू?”

“पाटी ऱ्हाऊ दे. टाकीच काढ. उद्या टेम्पो आण.” ते विजयसिंहाकडं वळले. “माझ्याकडनं दुसरी मिळायची न्हाय. पर जो करंल त्याला सांग, चार मिली पत्रा आणि बारा बोल्ट. आणि शिट्टी वाजली तर वाजू द्यायची.”

बाहेर आले तेव्हा दिवस मावळून गेला होता. डबा तसाच होता.

परतीचा रस्ता सगळ्यात भयंकर. अंगाला बिअरचा वास, कपडे ओले, थंडी, आणि खिशात फोन सारखा थरथरतोय. धनपालांनी तो बघितला नाही. समाजाच्या ग्रुपवर काय आलं असेल हे त्यांना न बघता दिसत होतं : फरशीवर पालथा पडलेला धनपाल, तोंडावर बिअरची धार. आवाज नसलेला व्हिडिओ. मागं-पुढं काही नसलेला.

दारात अक्काताई उभ्या होत्या. हातात मोबाइल.

“आधी न्हाणीत जावा. पाणी तापवलंय.”

“अगं, ते तसं न्हाय…”

“तोंडात गेली?”

“न्हाय.”

“नीट आठवून सांगा.”

“एक थेंब न्हाय. ओठ बघ, सुजलेत.”

“जेवला?”

“न्हाय.”

अक्काताईंनी डबा घेतला, वजनावरनंच ओळखला. मग मोबाइल त्यांच्यासमोर धरला. व्हिडिओखाली चाळीस जणांनी ‘छी छी’ लिहिलं होतं. त्याखाली पारसचा मेसेज : ‘मी त्या टाकीपुढंच बसलो होतो. काय खात होतो ते विचारा, सांगतो. काकांनी उठवलं म्हणून जिवंत आहे.’ त्याखाली पारसचे वडील ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ. त्यापुढं कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

“मग आता का थरथरताय?” अक्काताईंनी विचारलं. “दारूचा आणि अंथऊचा, दोन्ही नियम राहिले की.”

धनपाल उंबऱ्यावर बसले. ओल्या केसांना बिअरचा वास अजून येत होता.

“खिडकीच्या आणखी दोन टाक्या दिल्यात मी,” ते म्हणाले. “एक रत्नागिरी रोडला. कोकम सरबत म्हणाले होते. एक निपाणीला. तोही ताकच म्हणाला.”

“त्याबी खाली निमुळत्या?”

त्यांनी मान हलवली.

अक्काताईंनी डबा खाली ठेवला. त्यांचाही चेहरा उतरला होता. तीस वर्षांत धनपालांनी तो असा बघितला नव्हता, आणि ते बघून त्यांना नव्यानं भीती वाटली. मग त्या आत जाता जाता म्हणाल्या, “केरबाला फोन करा. दिवस उगवायला निघायचं. डबा भाकरीचा देते, पराठा नको, कुठं बसून खायला मिळंल न मिळंल.” आणि न्हाणीच्या दारातनं पुन्हा, “आणि या वेळी हेल्मेट घरीच ठेवा.”